हात हलला तरी चित्र का हलू नये?

वाचकांचे प्रश्न : मोबाइल कॅमेरा

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत. गणपतीचे, आरतीचे, मिरवणुकीचे फोटो काढले आणि ते हलले. म्हणून ही सगळी जागा त्याच विषयाला देते आहे. मी बरीच वर्षं मोबाइलच्या कॅमेरा मॉड्यूलच्या चाचणी विभागात काम केलं. कॅमेरा एका हलत्या टेबलावर बसवायचा, टेबल ठरलेल्या वेगाने डोलवायचं आणि चित्र किती हललं ते मोजायचं, हेच तिथलं रोजचं काम होतं. नखाएवढ्या जागेत किती विचार बसवलेला असतो ते मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

ताई, मुलाने घेऊन दिलेल्या फोनच्या खोक्यावर ‘ओआयएस’ असं ठळक छापलंय. दुकानदार म्हणाला, आता हात थरथरला तरी फोटो हलणार नाही. पण रामकुंडावर गोदा आरतीचे फोटो काढले तर घाटाच्या पायऱ्या आणि देवळं स्वच्छ आली, आणि आरती ओवाळणाऱ्यांचे हात आणि ज्योती यांचे नुसते फराटे. फोन बदलून मागू का?
— निवृत्त शिक्षिका, पंचवटी

बाई, फोन अजिबात बदलू नका. तो उत्तम काम करतो आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच फोटोत आहे. रात्रीच्या वेळी हातात धरलेल्या फोनने पायऱ्या रेखीव काढल्या, म्हणजे यंत्रणेने आपलं काम चोख केलं.

दुपारी उन्हात फोनचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढंच उघडं राहतं. रात्री तेवढ्यात पुरेसा उजेड मिळत नाही, म्हणून फोन ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत किंवा त्याहून जास्त उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात आपला हात थोडा कलतोच. समजा तो एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने कलला. फोनच्या मुख्य लेन्सचं खरं नाभीय अंतर साधारण 6 मिलिमीटर असतं. शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित लावलं तर सेन्सरवरचं चित्र सुमारे 0.01 मिलिमीटर, म्हणजे 10 मायक्रॉन सरकतं. ऐकायला हे काहीच नाही. पण सेन्सरवरचा एक पिक्सेल 1 मायक्रॉनच्या आसपासचा असतो. म्हणजे प्रत्येक ठिपका दहा ठिपक्यांवर फासला गेला.

ओआयएस (ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन) म्हणजे हे सरकणं जागच्या जागी रद्द करणारी यंत्रणा. हात जिकडे कलला त्याच्या उलट बाजूला चित्र खेचलं जाईल अशा बेताने लेन्स आडवी सरकवायची, तीही शटर उघडं असतानाच. पूर्ण एक अंशाचा कल भरून काढायला लेन्सला सुमारे 0.1 मिलिमीटर सरकावं लागतं. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा हे थोडंसंच जास्त. फोनमध्ये लेन्सला जो वाव मिळतो तो एवढाच, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ या एवढ्याशा वावात आहे.

आता ज्योतींचं. ही यंत्रणा फोनचं फिरणं मोजते. समोर काय हलतंय ते तिला कळत नाही, आणि कळलं असतं तरी उपयोग नव्हता. ज्योत एकीकडे जाते, घाट जागेवर असतो, आणि लेन्स तर एकच आहे. दहा मीटरवरचा पुजारी आरतीचं ताट सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने फिरवत असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागात ज्योत पाच सेंटिमीटर जाते आणि सेन्सरवर तिचा तीसेक पिक्सेलचा फराटा उठतो. लेन्स कितीही कुशलतेने सरकली तरी तो पुसला जाणार नाही.

उपाय दोन. आरती वर नेऊन खाली आणताना एक क्षण हात थबकतो, त्या क्षणी बटण दाबा. किंवा ‘प्रो’ मोडमध्ये शटर सेकंदाचा साठावा भाग असं स्वतः ठरवा. फोटोत थोडे दाणे दिसतील, पण ज्योत ज्योतीसारखी दिसेल. नाइट मोड मात्र इथे बंद ठेवा, कारण तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि तेवढ्या वेळात ताट कुठल्या कुठे गेलेलं असतं. खरं सांगायचं तर मला तुमचे फराट्यांचेच फोटो आवडतील. घाट ठाम उभा आणि त्यावर उजेडाच्या वेलांट्या, हे दृश्य डोळ्यांनाही दिसत नाही.

जुना फोन विकत घेतोय. हातात धरून हलवला की कॅमेऱ्यापाशी बारीक खुळखुळ ऐकू येते. विकणारा म्हणतो, ‘असंच असतं’. फसवतोय का?
— सिडको

बहुधा तो खरं बोलतो आहे. ओआयएस असलेली लेन्स घट्ट बसवलेली नसते. नेहमीच्या रचनेत लेन्सची नळी चार कोपऱ्यांतल्या चार अतिशय बारीक धातूच्या तारांवर टांगलेली असते, काही रचनांत ती छोट्या गोळ्यांवर सरकते. बाजूला चुंबक आणि त्यांच्यासमोर तांब्याची कॉइल. कॉइलमधून वीज गेली की बल निर्माण होतं आणि नळी सरकते. लाउडस्पीकरचा पडदा ज्या तत्त्वावर हलतो तेच तत्त्व. कॅमेरा बंद असला की कॉइलमध्ये वीज नसते, नळी मोकळी लोंबते आणि फोन हलवला की कडेच्या अडसराला टेकते. तोच आवाज तुम्ही ऐकता.

पारख अशी करा. कॅमेरा ॲप उघडा, मुख्य लेन्स निवडा आणि पुन्हा हलक्या हाताने हलवा. यंत्रणा धड असेल तर वीज मिळताच नळी मध्यावर येऊन धरली जाते आणि खुळखुळ थांबते किंवा खूप कमी होते. कॅमेरा चालू असतानाही आवाज तसाच राहिला, किंवा फोन टेबलावर ठेवूनही पडद्यावरचं चित्र आपोआप थरथरत असेल, गुणगुण ऐकू येत असेल, तर तो फोन घेऊ नका. आपटल्याने तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इन्स्ट्रुमेंटेशन. लेन्सला कसं कळतं की माझा हात थरथरला, की मी मुद्दाम कॅमेरा फिरवला? आणि यावर प्रोजेक्ट करता येईल का?
— विद्यार्थी, नाशिक रोड

तुझ्या पहिल्या प्रश्नावर मी दिवसभर बोलू शकेन. या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात अवघड निर्णय तोच आहे.

फोनमध्ये सिलिकॉनचा एक चिमुकला जायरोस्कोप असतो. त्यातलं वस्तुमान सतत कंप पावत ठेवलेलं असतं. फोन फिरला की कोरिओलिस बलामुळे ते वस्तुमान आडवं ढकललं जातं आणि त्या ढकलण्याने धारकता (कपॅसिटन्स) बदलते, ती मोजतात. त्यातून मिळतो तो फिरण्याचा वेग, अंश प्रति सेकंद. लेन्स किती सरकवायची हे ठरवायला कोन लागतो, म्हणून तो वेग क्षणाक्षणाने जोडत जायचा. इथेच पहिली अडचण. कुठलाच जायरोस्कोप स्थिर असताना अचूक शून्य सांगत नाही. समजा तो 0.1 अंश प्रति सेकंद एवढं खोटं सांगतोय. दहा सेकंद जोडत गेलास तर एक अंश जमला. म्हणजे फोन टेबलावर पडून आहे आणि लेन्सने सगळा वाव संपवून कडेला डोकं टेकलंय.

म्हणून संथ बदल गाळून टाकायचे. स्नायूंची स्वाभाविक थरथर साधारण 8 ते 12 हर्ट्झची असते, आणि श्वासाचं व तोल सावरण्याचं डोलणं त्याहून संथ. गाळणी अशी लावायची की हे सगळं शक्य तेवढं आत यावं, पण जायरोचं सरकतं शून्य बाहेर राहावं. तुझं मुद्दाम फिरवणं ओळखायची खूण म्हणजे ते बराच वेळ एकाच दिशेने जातं. थरथर परत फिरते, हेतू परत फिरत नाही. तसं दिसलं की पकड सैल करायची आणि लेन्स हळूहळू मध्यावर आणायची. व्हिडिओ घेताना कॅमेरा फिरवायला सुरुवात केलीस की पहिला क्षण चित्र चिकटल्यासारखं वाटतं ना? तो यंत्रणेचा निर्णय घेण्याचा वेळ आहे. पकड लवकर सोडली तर थरथर निसटते, उशिरा सोडली तर चित्र अडखळतं. दोन कंपन्यांचे व्हिडिओ निराळे ‘वाटतात’ त्याचं एक मोठं कारण हा तोल आहे, आणि तो तपशील कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो.

दुसरी गोष्ट उशिराची. हात हलला, जायरोने मोजलं, चिपने हिशेब केला, कॉइलमध्ये वीज गेली, नळी सरकली. यात 5 मिलिसेकंद गेले असं धर. 10 हर्ट्झच्या थरथरीला तेवढा उशीर म्हणजे 18 अंशांची कला (फेज), म्हणजे 360 अंशांच्या एका आवर्तनात लेन्स तेवढी मागे. वजाबाकी करून बघ: मूळ हालचालीतला सुमारे 31 टक्के भाग शिल्लक राहतो. उशीर 1 मिलिसेकंदावर आणलास तर शिल्लक 6 टक्क्यांवर येते. सगळं अचूक, लेन्स योग्य तेवढीच सरकते, फक्त हजारांश सेकंदांचा उशीर, आणि एवढा फरक! आमच्या विभागात खरी झुंज या मिलिसेकंदांशी चालायची. आयफोन 12 प्रो मॅक्समध्ये 2020 साली लेन्सऐवजी सेन्सरच सरकवायला सुरुवात झाली, त्यामागचं एक कारण हेच. सेन्सर लेन्सपेक्षा हलका, म्हणून चटकन हलतो. ॲपलने तेव्हा सेकंदाला 5,000 दुरुस्त्यांचा आकडा दिला होता. पण सेन्सरमधून तर कितीतरी जोडण्या बाहेर येतात. त्या सगळ्या लवचिक ठेवून त्यांचा ताण हालचालीच्या आड येऊ द्यायचा नाही, हे काम भयंकर अवघड आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणखी एक शत्रू गुरुत्वाकर्षण. फोन उभा धरला की तारांवरची नळी खाली ओघळते. म्हणून हॉल सेन्सर चुंबकाची जागा सतत मोजतो आणि कॉइल नळीला वर धरून ठेवते. वीज खर्च होते, थोडी उष्णताही होते. प्रत्येक नगाचं चुंबक, तारा, जायरो किंचित वेगळे, म्हणून कारखान्यात एकेक मॉड्यूल डोलवून त्याचा गुणक (फोन किती कलला की लेन्स किती सरकवायची ते प्रमाण) ठरवतात आणि त्याच्या स्मृतीत लिहितात. गुणक 5 टक्क्यांनी चुकला तर 5 टक्के थरथर शिल्लक राहिलीच म्हणून समज.

इतिहास थोडक्यात: निकॉनचा झूम 700 व्हीआर हा फिल्म कॅमेरा 1994 सालचा, कॅननची 75-300 मिलिमीटरची स्थिरीकरण असलेली लेन्स 1995 सालची. फोनमध्ये ओआयएस 2012 साली नोकियाच्या लुमिया 920 बरोबर आलं. मधली सतरा-अठरा वर्षं ही यंत्रणा आकसवण्यात गेली.

प्रोजेक्ट नक्की कर. खराब झालेल्या जुन्या हार्ड डिस्कमधली व्हॉइस कॉइल काढ, तिच्या भुजेवर छोटा आरसा चिकटव. एका पाटावर लेझर पॉइंटर, हा आरसा आणि एमपीयू-6050 जायरो मॉड्यूल बसव. पाट हलवल्यावर भिंतीवरचा ठिपका जागेवर राहिला पाहिजे. एक गोष्ट आधीच सांगते: पाट जेवढा फिरेल त्याच्या निम्माच आरसा उलट फिरवायचा, कारण परावर्तित किरण आरशाच्या दुप्पट वळतो. भुजेची जागा मोजायला हॉल सेन्सर लाव, त्याच्याशिवाय ती धड थांबणार नाही. आणि अहवालात ठिपका स्थिर झाल्याचा फोटो देऊन थांबू नकोस, उशीर किती मिलिसेकंद आला ते मोजून लिही. परीक्षकांना सर्किटपेक्षा तो आकडा जास्त सांगून जाईल. लेझर कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही असा ठेव.

वाकडी बारवेपासून मिरवणुकीत आमच्या ढोल पथकाचा व्हिडिओ काढला. पथक लांब होतं तोवर झकास. ढोलांच्या आणि मागच्या डीजेच्या जवळ गेलो की चित्रात लाटा उठतात, माणसं पाण्यातून पाहिल्यासारखी हलतात. मित्राच्या स्वस्त फोनमध्ये तसं झालं नाही. महागाचा फोन घेऊन फसलो का?
— ढोलवादक, जुने नाशिक

फसला नाहीत. तुमच्या फोनमध्ये टांगलेली लेन्स आहे, मित्राच्या फोनमध्ये बहुधा ती घट्ट बसवलेली आहे. एवढाच फरक.

वरच्या उत्तरातलं उशिराचं गणित इथे उलटं अंगावर येतं. हाताची थरथर 10 हर्ट्झच्या आसपासची. ढोलाचा ठोका आणि डीजेचा बेस हे त्याहून कितीतरी वेगवान, पन्नास-शंभर हर्ट्झच्या घरात. यंत्रणेला 2 मिलिसेकंद उशीर होत असेल तर 100 हर्ट्झला तीच दुरुस्ती 72 अंशांनी मागे पडते, आणि वजाबाकी करून शिल्लक येते 118 टक्के. म्हणजे दुरुस्तीच करायची नसती तर चित्र कमी हललं असतं! चांगल्या फोनमध्ये या वेगवान कंपनांना गाळायची सोय असते, पण मग त्यांची दुरुस्तीही होत नाही. शिवाय तारांवर टांगलेल्या कुठल्याही वस्तूची स्वतःची एक लय असते. बाहेरचा ठोका त्या लयीच्या जवळ आला की नळी अनुनादाने जास्तच डोलते.

लाटा दिसण्याचं कारण सेन्सर. तो सगळं चित्र एका क्षणात वाचत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतो. ते वाचन 25 मिलिसेकंदांचं असेल आणि कंपन 80 हर्ट्झचं असेल, तर तेवढ्यात कंपनाची दोन आवर्तनं होतात. माणूस सरळ उभा असतो, पण त्याचं डोकं, छाती, कंबर वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात.

पुढच्या वेळी एवढं करा. फोन लोखंडी बॅरिकेडला किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकवू नका, धातू कंपन थेट आत नेतो. दोन्ही हातांनी धरा, कोपर अंगाला सैल ठेवा, कारण आपले स्नायू वेगवान कंपनं बऱ्यापैकी शोषतात. मेन रोडकडच्या अरुंद गल्लीत आवाज भिंतींवरून परत येतो, त्यापेक्षा चौकाच्या तोंडाशी उभे राहा. आणि अगदी जवळूनच घ्यायचं असेल तर अल्ट्रावाइड कॅमेरा निवडा. बऱ्याच फोनमध्ये त्याला ओआयएस नसतं, आणि नाशिक ढोलासमोर नेमकं तेच सोयीचं.

याच्याशी जोडून एक कळकळीची सूचना, कारण त्र्यंबक रोडवर हे रोज दिसतं. मोटारसायकलच्या हँडलला फोन थेट अडकवून रस्ता बघत जाऊ नका. जोरदार इंजिनाचं कंपन तासन्‌तास लेन्सच्या तारांपर्यंत पोचत राहतं. ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना ही सूचना लेखी दिली आहे: मोठ्या मोटारसायकलींवर फोन बसवूच नये, आणि स्कूटर-मोपेडवर बसवायचा तर कंपन शोषणारा माउंट वापरावा. मिरवणुकीच्या अर्ध्या तासाने फोन बिघडत नाही, रोजच्या प्रवासाने बिघडू शकतो.

अंजनेरी चढताना ‘स्टेडी’ मोडमध्ये व्हिडिओ घेतला. चित्र एकदम स्थिर, पण अरुंद दिसतं. आणि सूर्य मावळल्यावर त्याच मोडमध्ये विचित्र धूसर उचक्या. का?
— गंगापूर रोड

तो ईआयएस, म्हणजे हिशेबाने केलेलं स्थिरीकरण. यात काहीच सरकत नाही. सेन्सर मोठं चित्र घेतो आणि फोन त्यातली आतली चौकट कापून, जायरोच्या नोंदीप्रमाणे ती प्रत्येक फ्रेममध्ये उलट सरकवतो. कापलेल्या कडा हाच त्याचा वाव, म्हणून चित्र अरुंद. चालतानाचे मोठे हेलकावे याने सुंदर सावरतात, लेन्सच्या त्या केसभर वावाने ते कधीच सावरले नसते. पण शटर उघडं असताना एका फ्रेममध्ये जे फासलं गेलं ते कापून निघत नाही. अंधारात शटर लांबतं, पाऊल पडताना फ्रेम धूसर होते, चौकट मात्र स्थिरच दाखवली जाते. त्यामुळे ती उचकी. अंधार पडला की हा मोड बंद करा आणि थांबून चित्रण करा.

द्राक्षबागेत पानांचे फोटो काढून सल्लागारांना पाठवतो. डावण्या आहे की आणखी काही, हे त्यांना फोटोवरून ओळखायचं असतं. जवळून काढलेला फोटो हमखास हलतो, लांबचा येतो छान. फोनमध्ये ओआयएस आहे. गोडी छाटणीनंतर हे रोजचं काम आहे, काहीतरी सांगा.
— शेतकरी, पिंपळगाव बसवंत

दादा, या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण तुमच्या फोटोवर फवारणीचा निर्णय अवलंबून आहे.

आतापर्यंत आपण हाताचं कलणं बघितलं. हात कलतो तसा आडवाही सरकतो. दोन मीटरवरच्या वस्तूसाठी हे सरकणं नगण्य असतं: हात 0.1 मिलिमीटर सरकला तर सेन्सरवर चित्र 0.3 मायक्रॉन हलतं, पिक्सेलच्या आतच. पण पान दहा सेंटिमीटरवर असेल तर तेच सरकणं सेन्सरवर 6 मायक्रॉन होतं, सहा पिक्सेल! आणि जायरोला आडवं सरकणं कळतच नाही, तो फक्त फिरणं मोजतो. सरकणं मोजायला त्वरणमापक लागतो. फोनमध्ये तो असतो, पण त्याच्या नोंदीवरून अंतर काढायला दोनदा बेरीज करावी लागते आणि चुकाही दोनदा साठतात. म्हणून अगदी जवळ ओआयएसची मदत तुटपुंजी ठरते.

यात भर म्हणजे, फोन पानाजवळ नेला की बरेच फोन न सांगता अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात. पडद्यावर छोटं फूल किंवा ‘मॅक्रो’ असं दिसतं, तीच खूण. त्या कॅमेऱ्याला बहुधा ओआयएस नसतं, आणि त्याचा सेन्सरही लहान. ते चिन्ह दाबून मॅक्रो बंद करा.

मग फोन फूटभर मागे घ्या आणि दुप्पट झूम करा. पान दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सपाट धरा, म्हणजे वाऱ्याने हलणार नाही, आणि फोन धरलेलं मनगट मांडवाच्या अँगलला टेकवा. तारेला टेकवू नका, ती सगळ्या ओळीबरोबर थरथरते. मांडवाखाली सावली गडद असते, तेव्हा पान उजेडाच्या कवडशाकडे वळवा. उजेड दुप्पट झाला तर शटर निम्म्या वेळात बंद होतं आणि हलणंही निम्मं. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. डावण्याची पांढरी वाढ खालच्या बाजूला असते आणि सकाळी दव असताना ती नीट दिसते, त्यामुळे फोटो काढायची वेळही तीच. फोटो पाठवण्याआधी बोटांनी मोठा करून पानाच्या शिरा रेखीव दिसतात का ते बघा. शिरा दिसल्या तर सल्लागारांना बाकीचंही दिसेल.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला नेहमी जातो. पाचपट पेरिस्कोप लेन्सचा फोन घेतला. दुपारी दूरचे रोहित पक्षी काही केल्या रेखीव येत नाहीत. ट्रायपॉड घेऊ का?
— पक्षीनिरीक्षक, इंदिरानगर

दुपारच्या फोटोंसाठी घेऊ नका. पाचपट लेन्समध्ये हाताची थरथर चौकटीच्या मानाने पाचपट दिसते हे खरं. म्हणूनच पेरिस्कोपमध्ये स्थिरीकरण फार महत्त्वाचं असतं. तिथे प्रकाश एका प्रिझमवर नव्वद अंशांत वळवून फोनच्या रुंदीत आडव्या बसवलेल्या लेन्सकडे पाठवतात, आणि काही रचनांत तो प्रिझमच किंचित कलवून थरथर सावरली जाते. पण भर उन्हात शटर इतकं थोडा वेळ उघडतं की हात हलायला सवडच मिळत नाही. तुमच्या फोटोतला दोष पाण्यावरच्या तापलेल्या हवेचा आहे. शंभर-दोनशे मीटर हवेचे थर झळाळत असतात, प्रकाश प्रत्येक थरात थोडा वळतो, आणि चौकटीचा प्रत्येक भाग वेगळा हलतो. एका लेन्सला एका वेळी एकाच दिशेला सरकता येतं. यावर फोनमध्ये कुठलीही यंत्रणा नाही.

चापडगावच्या मनोऱ्यावर उजाडताच पोचा, तेव्हा हवा गार आणि थर शांत असतात. त्या वेळी उजेड कमी असतो, शटर लांबतं, आणि तुम्ही पैसे मोजलेलं स्थिरीकरण तेव्हा खरं उपयोगी पडतं. कोपर कठड्यावर टेकवा. ट्रायपॉड घेतलाच, तर बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा.

एम.जी. रोडवरच्या एका दुकानात कॅमेरा मॉड्यूल बदलून घेतलं. फोटो येतात, पण संध्याकाळी पूर्वीपेक्षा जास्त हलतात. मॅग्नेटचं कव्हरही तेव्हाच नवीन लावलं. दोष कुणाचा?
— सातपूर

आधी कव्हर काढून दोन दिवस फोन वापरा. लेन्सची जागा हॉल सेन्सर चुंबकाच्या क्षेत्रावरून ओळखतो, आणि कॅमेऱ्याजवळ आणखी एक चुंबक आला तर तो सेन्सर चुकीची जागा सांगू शकतो. कव्हर काढून फरक पडला नाही तर संशय मॉड्यूलवर. मॉड्यूलच्या स्मृतीत लिहिलेला गुणक नसेल किंवा तुमच्या फोनशी जुळत नसेल, तर लेन्स सरकते पण नेमकी सरकत नाही. उजेडात ते लपतं, संध्याकाळी उघडं पडतं.

घरी तपासणं सोपं आहे. रात्री गच्चीवरून लांबचा एखादा दिवा घ्या. प्रो मोडमध्ये शटर सेकंदाचा आठवा भाग ठेवून हातात धरूनच मुख्य कॅमेऱ्याने दहा फोटो काढा, मग तेवढेच अल्ट्रावाइडने. आधी दुकानात विचारून किंवा माहितीपत्रकात बघून अल्ट्रावाइडला ओआयएस नसल्याची खात्री करा. मुख्य कॅमेऱ्याच्या बहुतेक फोटोंत दिवा ठिपक्यासारखा दिसला पाहिजे. मुख्य कॅमेऱ्यातही अल्ट्रावाइडइतक्याच किंवा त्याहून लांब उजेडाच्या वळवळत्या रेघा दिसल्या तर ओआयएस काम करत नाही. ते फोटो आणि बिल घेऊन दुकानात जा आणि मॉड्यूल बदलून मागा.